म्हैस घ्यायच्या आधी ती विकायची कशी ते शिका

दर उन्हाळ्यात गावातली दोन-चार पोरं माझ्या ओट्यावर येऊन बसतात. "काकाजी, दोन म्हशी घ्याव म्हणतो. जमते का?" मी उलट विचारतो, "भाकड झाल्यावर काय करशील?" मग पोरगं गप्प. दुधाचा हिशेब त्यानं वहीत मांडलेला असतो. लिटर किती, फॅट किती, ढेपेचं पोतं कितीला, सगळं असतं. म्हैस कोठ्यातून बाहेर जाईल तो दिवस मात्र वहीत नसतो. आणि या धंद्यात माणूस तरतो की बुडतो ते त्या दिवशी ठरतं.

माझं गाव विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. वीसेक वर्षं म्हशी पाळतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या घरी म्हशीचं मटण शिजत नाही. पण माझ्या कोठ्यातल्या भाकड म्हशी आणि हेले (रेडे) शेवटी कत्तलखान्यात जातात हे मला माहीत आहे आणि ते लपवण्यासारखं काही नाही. दुधाचा चहा पिणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. डोळे झाकून धंदा करणारा एक तर बाजारात लुबाडला जातो, नाहीतर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतो. मी दोन्ही करून बसलो आहे, म्हणून लिहितो आहे.

पहिलं काम: कोणतं ढोर, कोणता कायदा

इंग्रजीत "बीफ" म्हटलं की त्यात गाय, बैल, म्हैस सगळं येतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकड्यांतही म्हशीचं मांस बीफमध्येच धरतात, म्हणून भारत जगातल्या मोठ्या बीफ निर्यातदारांत दिसतो. ते वाचून आपल्याकडचे लोक भांडत बसतात. आपल्या देशातून गाय, बैल, वासराचं मांस बाहेर पाठवायला बंदी आहे. जातं ते म्हशीचं, तेही हाडं काढलेलं. व्यापारी त्याला कॅराबीफ म्हणतात.

महाराष्ट्रातला मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होतीच. विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल, वळूही बंदीत आले. आता गाय, बैल, वळू यांची कत्तल करणं, त्यासाठी विकणं, विकत घेणं, राज्याबाहेर पाठवणं, सगळा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. इथं कापलेल्या गोवंशाचं मांस बाळगणंही गुन्हा. दुसऱ्या राज्यात कापलेलं मांस बाळगण्यावरची बंदी मात्र मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये रद्द केली.

म्हैस या बंदीत नाही. पण मोकळीही नाही, आणि नवखा माणूस नेमका इथंच फसतो. मादी म्हैस आणि पारडू, म्हणजे मादी वगार असो की नर हल्या, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी दाखल्याशिवाय कापता येत नाही. ती दुधाला, वेताला किंवा कामाला उपयोगी असेल तर दाखला मिळत नाही. पूर्ण वाढलेला हेला त्या यादीत नाही. तरी कत्तलखान्यातली डॉक्टरची तपासणी त्यालाही चुकत नाही.

हे दाखले काढायचं काम खरेदीदाराचं, तुमचं नाही. पण त्यातून तुम्ही काय घ्यायचं? दुभती किंवा गाभण म्हैस कत्तलीसाठी विकायला नेऊच नका. विकायच्या आधी पशुवैद्यकाकडून हात घालून गाभ तपासून घ्या. म्हशीचा माज (फळायची वेळ) मुका असतो, रात्री येऊन जातो, कळतही नाही. आमच्या गावात एकानं "भाकड" म्हणून विकलेली म्हैस पुढच्या बाजारात दुसऱ्यानं पाच महिन्यांची गाभण म्हणून जवळजवळ दुप्पट भावात विकली.

म्हातारा बैल

यावर थोडक्यातच बोलतो, कारण सांगण्यासारखं थोडं आहे आणि दुखतं जास्त. २०१५ नंतर थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक राहिलं नाही. ज्याला अजून हलकं काम जमतं तो लहान शेतकऱ्याला विकता येतो. विकताना पावतीवर "शेतीकामासाठी" असं लिहून घ्या आणि घेणारा खरंच शेतकरी आहे ना ते बघा. काही कास्तकार गोरक्षण संस्थेत सोडतात. बाकी सगळे घरीच सांभाळतात. कोणी रात्री येऊन "बैल द्या, रोख देतो, पावती नको" म्हणाला तर देऊ नका. बैल तो घेऊन जाईल आणि कलम तुमच्यावर लागेल.

हेल्याचं पारडू: जे आपण मरू देतो ते विकत का नाही?

हे जरा सविस्तर सांगतो. सगळ्यात जास्त पैसा आपण इथंच मातीत घालतो.

म्हैस व्याली आणि हल्या झाला की घरातलं तोंड उतरतं. त्याला चीक पुरता मिळत नाही, पान्हा सुटेपर्यंत दोन घोट पाजतात आणि ओढून बाजूला बांधतात. पंधरा-वीस दिवसांत हगवण लागते, जंत होतात आणि तो मरतो. कोणी मुद्दाम मारत नाही, पण जगू द्यायचंही कोणाच्या मनात नसतं. केंद्र सरकारनं अकराव्या पंचवार्षिक योजनेत हेल्याची पारडं वाचवून वाढवण्यासाठी वेगळी योजनाच काढली होती, इतकं हे नुकसान देशभर आहे. आता योजनेची वाट न बघता हे करा.

जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, दोन-तीन वेळा विभागून. पारडू तीस किलोचं असेल तर दिवसभरात तीन लिटर. वार (व्याल्यावरची जार) पडायची वाट बघत चीक अडवून ठेवायची आपली जुनी खोड सोडा.

दहाव्या ते पंधराव्या दिवसात जंताचं पहिलं औषध. म्हशीच्या पारडांना गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात, म्हणून "अजून चारा खात नाही, जंत कुठले" हा हिशेब चुकीचा. औषध आणि मात्रा डॉक्टरला विचारून. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२.

तीन महिने थोडं थोडं दूध कमी करत न्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुढ्यात भरडा ठेवा. आपल्याकडे तुरीची चुनी, सरकी ढेप, हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरचंच असतं. सरकी ढेप लहान पारडांना जपून, ती पचवायची ताकद पोट तयार झाल्यावर येते. नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर हल्या जगतो, भरत नाही. ढेप, चुनी, हिरवं आणि खनिज मिश्रण मिळालं तर दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास वजन चढतं. दीड-दोन वर्षांत तो अडीचशे-तीनशे किलोंचा होतो.

आणि पाणी. म्हशीच्या काळ्या कातडीला ऊन सोसत नाही, घामाच्या ग्रंथीही कमी. अकोल्या-अमरावतीच्या ४५ डिग्रीत डुंबायला डोबरा (डबकं) नसेल तर दिवसातून दोनदा अंगावर पाणी मारा, नाहीतर खाल्लेलं सगळं धापा टाकण्यात जातं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी ढोरंही मनापासून पीत नाहीत. मी दोन उन्हाळे हे न कळून "हल्या का भरत नाही" म्हणून डोकं फोडलं. नळाचं पाणी पाजायला लागलो आणि फरक दिसला.

जातीचं म्हणाल तर आपली नागपुरी म्हैस, जुने लोक तिला एलिचपुरीही म्हणतात. तलवारीसारखी लांब, मागं वळलेली शिंगं. आणि पूर्णाकाठची भुऱ्या रंगाची पूर्णाथडी, जी अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. दोन्ही मुऱ्हापेक्षा अंगानं हलक्या, दूध कमी, पण ऊन आणि कुटार पचवणाऱ्या. मुऱ्हाचा हल्या वजनाला लवकर चढतो, त्याला खायलाही तेवढंच लागतं. कोणता ठेवायचा हे तुमच्या गंजीत किती चारा आहे त्यावर ठरवा.

विकायची कधी

भाकड म्हैस "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत ठेवण्यात घर खाली होतं. समजा कुटार, ढेप आणि माणसाची मेहनत धरून दिवसाचा खर्च १२० रुपये. शंभर दिवस ठेवली तर बारा हजार गेले. तेवढ्या दिवसांत तिचं वजन बारा हजारांनी वाढत नाही. म्हणून आटल्यावर डॉक्टरला दाखवा. गाभण राहण्यासारखी असेल तर उपचार करून एक-दोन माजांपर्यंत वाट बघा. नसेल तर थांबू नका.

एक अट. कासेला किंवा तापाला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं असेल तर लगेच विकू नका. औषध अंगातून पूर्ण जायला दिवस लागतात, किती ते औषधावर असतं, डॉक्टर सांगतो. ते मांस कोणाच्या तरी पोराच्या ताटात जाणार आहे.

वजन तुम्ही काढा, बेपाऱ्याला काढू देऊ नका

आपल्या बाजारात ढोर काट्यावर चढत नाही, नजरेनं विकलं जातं. बेपारी पाठीवरून हात फिरवतो, मांडी चिमटीत धरतो, शेपटीच्या मुळाशी दाबून बघतो आणि मनात "माल किती पडेल" ते धरतो. त्याची नजर तीस वर्षांची, तुमची दोन बाजारांची. मग टेप घ्या. शिंप्याचा चालतो.

पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, आलेल्या आकड्याला ६६० नं भागा. किलोत वजन येतं. घेर ७० इंच, लांबी ५४ इंच असेल तर ७० गुणिले ७० म्हणजे ४,९००, गुणिले ५४ म्हणजे २,६४,६००, भागिले ६६० म्हणजे साधारण ४०० किलो. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं. ढोर सपाट जमिनीवर सरळ उभं पाहिजे आणि नुकतंच पाणी प्यालेलं नको.

आता बेपाऱ्याचं गणित. म्हशीच्या जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के हाडासकट मांस पडतं. म्हणजे ४०० किलोच्या म्हशीचं १८० ते २०० किलो. हाडं काढली की त्याहून कमी. खराब भरलेल्या भाकडीचं ४५ च्याही खाली जातं. जवळच्या शहरात किरकोळ भाव काय चालला आहे ते फोनवर विचारून ठेवा. त्यातून गाडी, दलाली, कत्तलखान्याची फी, त्याची मजुरी आणि नफा वजा करा. कातडं, चरबी, आतडी, शिंगं यांचे पैसे त्याला वेगळे सुटतात, हे तो सांगत नाही. म्हशीचं जाड कातडं कानपूर आणि चेन्नईकडच्या टॅनऱ्यांपर्यंत जातं. एवढं डोक्यात असलं की सांगितलेला भाव ऐकून तुमचं तोंड पडणार नाही, उगाच हवेतला आकडाही सांगणार नाही.

वय दातांवरून. दुधाचे दात असलेलं ते आदत. पहिली जोडी अडीच-तीन वर्षांत येते, तो दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि पाच-सहा वर्षांत तोंड जुळतं. त्यानंतर झिजेवरून अंदाज. शिंगांवरच्या वलयांवर विश्वास ठेवू नका, कानशीनं घासलेली शिंगं मी खूप बघितली.

कागद

बाजाराच्या आधीच्या आठवड्यात हे जमवा. बाजाराच्या दिवशी पळापळ करून काही होत नाही.

कानातला बिल्ला. बारा आकडी क्रमांकाचा, पिवळा. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय ढोरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. सरकारी दवाखान्यात नोंद करून मारून घ्या आणि भारत पशुधन पोर्टलवर नोंद तुमच्याच नावावर आहे ना ते मोबाइलवर बघून घ्या. माझ्या एका म्हशीचा क्रमांक तिच्या आधीच्या मालकाच्या नावावरच राहिला होता. विकायच्या दिवशी कळलं आणि तो बाजार हातचा गेला.

लाळ्या-खुरकुताची लस नोंदीत पाहिजे. घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या आधी. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यातले बाजारच बंद झाले होते. रोग मुख्यतः गोवंशात होता, घरी म्हैस बांधून बसलेलेही अडकले.

पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, प्रवासाला योग्य असल्याचं. ग्रामपंचायतीचा मालकीचा दाखला. आधारची झेरॉक्स. आणि ढोराचे दोन फोटो, एक तोंडाचा ज्यात बिल्ला दिसेल, एक आडवा. हे फोटो कायद्यात मागितलेले नाहीत, ही माझी सवय आहे. कारण पुढं सांगतो.

बाजारात

खामगाव, परतवाडा यांसारखे मोठे गुरांचे बाजार बाजार समितीच्या आवारात भरतात. पहिला बाजार विकायचा नसतो, बघायचा असतो. डबा घेऊन जा, लिंबाखाली बसा, कान उघडे ठेवा.

भाव बोलून होत नाही. दोघं हात हातात घेतात, वर दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबतात. बोट म्हणजे हजार की दहा हजार हे त्या ढोराच्या अंदाजावरून दोघांना कळलेलं असतं. नवख्याला नाही कळत. लाजू नका. सरळ म्हणा, "भाऊ, मले बोटाचं समजत नाही, तोंडानं सांगा." हसतील, पण सांगतील. दलाल ठेवायचाच असेल तर दलाली आधी ठरवा आणि तो तुमचा आहे की बेपाऱ्याचा ते ओळखा. बहुतेक वेळा तो दोघांचाही असतो.

सौदा पटला की इसार घ्यायचा. इसार घेतल्यावर दुसरं गिऱ्हाईक जास्त म्हणालं तरी फिरायचं नाही. फिरणाऱ्याचं नाव दोन बाजारांत पसरतं. पूर्ण रक्कम खात्यावर आल्याशिवाय दावं हातातून सोडू नका. "संध्याकाळी टाकतो" असं म्हणणाऱ्याचं ढोर संध्याकाळपर्यंत तुमच्याच दाव्याला.

सगळ्यात महत्त्वाची पावती. बाजार समितीची, फी भरून. तिच्यावर तुमचं नाव-गाव, घेणाऱ्याचं नाव-गाव, ढोराचं वर्णन आणि बिल्ल्याचा क्रमांक असला पाहिजे. नुसतं "म्हैस १" लिहिलेली पावती परत करा. "म्हैस, काळी, कपाळावर चांदा, डावं शिंग मोडकं" असं पाहिजे. एक प्रत कायमची जपून ठेवा.

माझी चूक सांगतो. काही वर्षांमागं ओळखीचा एक बेपारी कोठ्यावरच आला. "बाजाराची फी कशाले भरता, इथंच घेऊन जातो." दोन भाकड म्हशी आणि एक हेला दिला. रात्री त्याची गाडी रस्त्यात अडवली गेली. गाडीत आणखी कोणाची ढोरं होती, त्यात गोवंश होता. माझा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये. तीन वेळा ठाण्यात जावं लागलं, प्रत्येक वेळी अर्धा दिवस बाकावर. माझ्याकडे पावती नव्हती, बिल्ल्याचे आकडे पाठ नव्हते. शेवटी बायकोनं पोळ्याला काढलेल्या फोटोत मागं म्हशी उभ्या दिसल्या, त्यावरून पटलं की मी विकल्या त्या म्हशीच होत्या. वाचलेली फी दीडशेच्या आत होती.

तेव्हापासून कोठ्यावरचा सौदा बंद.

एक नियम अजूनही लोक तोंडावर फेकतात, तो सांगून ठेवतो. मे २०१७ मध्ये केंद्रानं बाजारात कत्तलीसाठी ढोरं विकायलाच बंदी घालणारे नियम काढले होते. आठवड्याभरात मद्रास उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती देशभर ठेवली. म्हशीचा बाजार कायदेशीर आहे.

गाडी

ढोर विकलं की गाडी बेपाऱ्याची. पण बाजारात आणताना ती तुमची असते, आणि नियम दोघांना सारखे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार एका गाय-म्हशीला दोन चौरस मीटर जागा. फुटात साडेएकवीस चौरस फूट. साडेपाच बाय नऊच्या पिकअपमध्ये दोन म्हशी, तिसरी नाही. चौदा बाय सहाच्या आयशरमध्ये तीन. सतरा बाय सातच्या गाडीत पाच. आणि १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार मालगाडी कितीही मोठी असो, सहाच्या वर नाही. गाडीत कायमचे आडोसे हवेत, आरटीओचा जनावर वाहतुकीचा खास परवाना हवा, त्याच गाडीत दुसरा माल नको. सोबत सांभाळणारा माणूस, चारा, पाणी, औषधपेटी. खाली कुटार किंवा वाळू टाका, घसरून पाय मोडलेल्या म्हशीला कोणी विचारत नाही.

आयशरमध्ये बारा-पंधरा ढोरं कोंबून रात्री नेणारे आहेत. त्यात ढोरं गुदमरून मरतात आणि त्यांच्यामुळं कागद घेऊन दिवसा जाणाऱ्याचीही गाडी अडते. रस्त्यात जमावानं गाडी अडवली तर ड्रायव्हरनं काचा वर करून ११२ लावायचा, उतरून वाद घालायचा नाही. कागद पोलिसांना दाखवायचे, जमावाला नाही. कागदाच्या झेरॉक्स गाडीत आणि मूळ प्रतींचे फोटो घरच्या मोबाइलमध्ये.

हे असं अडवणं आणि मारहाण होते म्हणून २०२५ च्या जुलैत राज्यातल्या कुरेशी (मांसाचा धंदा करणाऱ्या समाजाच्या) व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली. मी त्या दिवसांत बाजारात गेलो होतो. दावणीला म्हशी आणि आम्ही विकणारे, घेणारा कोणी नाही. कुरेशी आणि कास्तकार एकाच दाव्याची दोन टोकं आहेत, हे त्या दिवशी आमच्यातल्या कट्टर माणसांनाही कळलं. संध्याकाळी भाड्याच्या गाडीत म्हशी परत आणताना कोणी काही बोलत नव्हतं.

पुढं काय होतं

कत्तलखान्यात आल्यावर डॉक्टरची तपासणी, मग चोवीस तास विश्रांती. २००१ च्या नियमांत गाभण, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली आई आणि तीन महिन्यांच्या आतलं पारडू कापायला मनाई आहे. एका डॉक्टरनं तासाला बारा आणि दिवसाला शहाण्णवच्या वर जनावरं तपासायची नाहीत. कापल्यावर यकृत, फुप्फुस, गाठी बघून मग शिक्का.

परदेशी जाणारा माल वेगळ्या वाटेनं जातो. धड थंड खोलीत चोवीस तास टांगतात, मांसाचा आम्लांक (पीएच) ६ च्या खाली आला की लाळ्या-खुरकुताचा विषाणू मांसात टिकत नाही. मग हाडं आणि गाठी काढून, गोठवून, खोक्यांत. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया, इराककडे जातो. २०१४-१५ मध्ये देशातून सुमारे १४.७५ लाख टन गेला. त्यात उत्तर प्रदेश पुढं आहे, आपल्या भागातली म्हैस बहुतेक जवळच्या शहरातच खपते. तरी लाळ्या-खुरकुताची लस का मागतात ते यावरून कळेल.

खाणाऱ्यांसाठी

"मोठ्याचं" किंवा "बड्याचं" म्हणतात ते हे. मुसलमान घरांत, काही बौद्ध आणि ख्रिस्ती घरांत शिजतं. गरिबाच्या घरी बकऱ्याच्या मटणाच्या भावाकडे बघून हेच परवडतं. म्हशीचं मांस गडद लाल आणि चरबी पांढरी असते, गाईची चरबी पिवळसर. कारण म्हैस चाऱ्यातला पिवळा रंग पूर्ण जीवनसत्त्वात बदलून टाकते. ही ओळख स्वयंपाकघरापुरती, कोर्टात प्रयोगशाळेचा अहवालच चालतो. म्हणून परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या आणि बिल खिशात ठेवा.

म्हाताऱ्या म्हशीचं मांस लवकर शिजत नाही. कच्च्या पपईचा कीस लावून अर्धा तास ठेवा, मग कुकर. चान्या करायच्या तर उन्हाळ्याचं ऊन पाहिजे. पातळ लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून, दोरीवर वाळवायच्या, पार कडकडीत होईपर्यंत. पावसाळ्यात भाजी नसते तेव्हा त्या कामी येतात. माझ्या मित्राची आई करायची, वास दोन गल्ल्या यायचा आणि आम्ही पोरं नाक धरून तिथंच घुटमळायचो.

मेलेल्या ढोराचं मांस विकू नका, खाऊ नका. अचानक मेलं आणि नाका-गुदद्वारातून काळं रक्त येत असेल तर ती फाशी (अँथ्रॅक्स रोग) असू शकते, माणसालाही होते. कातडं काढू नका, चिरू नका, डॉक्टरला बोलवा आणि सहा फूट खोल चुना टाकून पुरा.

दुकान टाकायचं मनात असेल तर अन्न सुरक्षा कायद्यातली नोंदणी, स्थानिक संस्थेची परवानगी आणि कापायला परवानगीची जागा, या तिन्ही गोष्टी आधी. दिवसाला दोन मोठी जनावरं कापण्यापर्यंत साधी नोंदणी चालते, त्यापुढं राज्याचा परवाना. तिन्हींतली मधली गोष्ट, म्हणजे गावाची परवानगी, सगळ्यात अवघड आहे. आधी ती मिळते का बघा, मगच फ्रीजर घ्या.

हंगाम

होळीनंतर कुटार संपत येतं, विहिरी खाली जातात आणि सगळेच एकदम ढोरं बाजारात आणतात. तेव्हा भाव पडलेला असतो. बकरी ईदच्या आधीचे दोन-तीन आठवडे मागणी असते, पण तेव्हाच रस्त्यावर तपासणीही जास्त असते, म्हणून कागद दुप्पट नीट पाहिजेत. दिवाळीनंतर सोयाबीन आणि पुढं तुरीचं कुटार घरात असतं, तेव्हा विकणारे कमी. मी माझे हेले त्या दिवसांत काढतो. त्यासाठी उन्हाळ्यात ते पोसावे लागतात, आणि उन्हाळ्यात पोसायचे तर हरभऱ्याचं कुटार फेब्रुवारीतच गंजीत पाहिजे. म्हणून पोरं ओट्यावर येऊन म्हशी घ्यायचं बोलतात तेव्हा मी आधी त्यांना मागच्या आवारात नेतो आणि माझी गंज दाखवतो.